मारियोला मिशी का आहे?

आपल्या शाळेच्या यंदाच्या चित्रकला स्पर्धेचा विषय होता ‘माझे आवडते पात्र’. मुलांनी फास्टर फेणे काढला, चिंटू काढला, हनुमान आणि छोटा भीमही काढले. सहावीतल्या एका विद्यार्थ्याने मारियो काढला. लाल टोपी, काळी मिशी, निळी डंगरी, आणि पाय हवेत. परीक्षकांमध्ये आम्हीही होतो. ‘हे व्हिडिओ गेममधले आहे, विषयाला धरून नाही’ असे ठरवून आम्ही ते चित्र बाजूला ठेवले.

दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी कार्यालयात आला आणि त्याने अगदी नम्रपणे विचारले, “सर, पात्र पुस्तकातलेच हवे असे विषयात कुठे लिहिले होते?” त्या वेळी आम्हांला उत्तर देता आले नाही. ते उत्तर आज येथे देत आहोत, कारण हा प्रश्न त्या एका मुलापुरता नाही. मुलांना जे आवडते त्याकडे आपण मोठी माणसे कशा नजरेने पाहतो, हा खरा प्रश्न आहे.

आमचे स्वतःचे बालपण चाचा चौधरींच्या सहवासात गेले. चार आणे भाड्याने कॉमिक्स आणायचे, दप्तरात लपवायचे आणि रात्री वाचायचे. घरचे म्हणत, “ही चित्रं बघून काय मिळणार?” आज इतक्या वर्षांनीही ती लाल पगडी, पांढरी मिशी आणि हातातली काठी डोळे मिटले की समोर उभी राहते. साबूला राग आला की कुठेतरी ज्वालामुखी फुटतो, हेही आम्ही विसरलेलो नाही. त्याच वर्षी पाठ केलेल्या कितीतरी सनावळ्या मात्र विसरलो. तेव्हा एखादे पात्र लक्षात का राहते, हा विचार शाळेने करण्यासारखाच आहे.

मारियोचीच गोष्ट घेऊ. जपानच्या क्योतो शहरातली निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली पत्ते बनवण्यासाठी सुरू झाली. १९८१ साली तिच्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठी शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराने एक सुतार काढला. खरे तर त्यांना पॉपाय हे प्रसिद्ध पात्र घ्यायचे होते, पण त्याचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून नवे पात्र तयार करावे लागले. त्या काळच्या यंत्रावर एका आकृतीसाठी आडवे सोळा आणि उभे सोळा एवढेच ठिपके मिळत, आणि रंगही मोजकेच. इतक्या ठिपक्यांत तोंड दिसेना, म्हणून मोठे नाक आणि त्याखाली मिशी आली. केस काढता येईनात, म्हणून डोक्यावर टोपी आली. हात हलताना वेगळे दिसावेत म्हणून सदरा एका रंगाचा आणि डंगरी दुसऱ्या रंगाची झाली. सुरुवातीला त्याला नावही नव्हते, नुसता ‘जंपमॅन’ म्हणजे उड्या मारणारा. पुढे कंपनीच्या अमेरिकेतील गोदामाचे मालक मारियो सेगाली यांच्यावरून ‘मारियो’ हे नाव पडले.

म्हणजे साधने तोकडी होती म्हणूनच जे अत्यंत आवश्यक तेवढेच उरले, आणि जे उरले ते लहान मुलालाही आठवणीने काढता येते. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या समारोपात जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे मारियोच्या वेषात अवतरले. एका लाल टोपीने जगाला ओळख पटली. आमच्या मते लक्षात राहणाऱ्या पात्राची ही पहिली खूण आहे: थोडक्यात पटणारी ओळख.

पण नुसते दिसणे पुरत नाही, स्वभावही लागतो. ‘पॅक-मॅन’ हा १९८० सालचा खेळ पाहा. तोरू इवातानी यांनी काढलेला नायक म्हणजे एक पिवळे वर्तुळ आणि उघडझाप करणारे तोंड, एवढेच. जपानी भाषेत तोंड उघडमिटण्याच्या आवाजाला ‘पाकू पाकू’ म्हणतात, त्यावरून त्याचे नाव आले. त्याच्या मागे लागणारी चार भुते दिसायला एकसारखीच आहेत, फक्त रंग वेगळे. तरी चौघांचे वागणे निराळे आहे. लाल भूत सरळ पाठलाग करते. गुलाबी भूत पुढची जागा हेरून वाट अडवते. निळे भूत लाल भूत कुठे आहे ते पाहून आपली दिशा ठरवते. नारिंगी भूत जवळ येते आणि ऐनवेळी मागे फिरते. एकही संवाद नाही, तरी खेळणाऱ्याला चौघांचे स्वभाव कळतात. माणूस बोलण्यापेक्षा वागण्यातून ओळखावा, असे आपले वडीलधारे सांगत आले, तेच हे.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची वाटते. १९८५ साली ‘सुपर मारियो ब्रदर्स’ हा खेळ आला. त्याच्या पहिल्याच पडद्यावर कसलीही सूचना लिहिलेली नाही. मारियो डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते, त्यामुळे मूल आपोआप उजवीकडे जाते. समोरून एक छोटा शत्रू चालत येतो. धडकलो तर खेळ पुन्हा सुरुवातीपासून, पण सुरुवात चार पावलांवरच असल्यामुळे नुकसान थोडे होते आणि धडा मिळतो. पुढच्या वेळी मूल उडी मारते. बटण जरा जास्त वेळ दाबले तर उडी उंच जाते, हेही कोणी न सांगता कळते. शिक्षक या नात्याने आम्हांला हा पहिला पडदा एखाद्या उत्तम पाठासारखा वाटतो.

पुस्तकातला फास्टर फेणे संकटात सापडतो तेव्हा आपण श्वास रोखून वाचतो, आणि तो सुटला की त्याच्याबरोबर ‘ट्टॉक’ करतो. मारियो खड्ड्यात पडतो तेव्हा मात्र चूक आपली असते आणि पुन्हा उठणेही आपलेच असते. म्हणून तो डोळ्यांइतकाच बोटांच्याही लक्षात राहतो. त्या विद्यार्थ्याने मारियोचे पाय हवेत काढले होते, हे आम्हांला त्या दिवशी दिसले नाही. त्याला पात्राचा गाभा कळला होता. परीक्षकांना कळला नव्हता.

आता पालकांची काळजी. ती रास्त आहे, आणि व्हिडिओ गेम सरसकट चांगले आहेत असे आम्ही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही खेळांच्या विकोपाला गेलेल्या सवयीची गणना आजारांमध्ये केली आहे. ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. पण लक्षात राहणे वेगळे आणि सुटता न सुटणे वेगळे. ‘सुपर मारियो ब्रदर्स’मध्ये आठ जगे आणि बत्तीस टप्पे आहेत. शेवटी राजकन्या सुटते आणि खेळ संपतो. मोबाइलवरच्या अनेक खेळांना शेवटच नाही. तिथे पात्राला रोज नवा पोशाख विकत घ्यायचा, रोज हजेरी लावून बक्षीस घ्यायचे, आणि एक दिवस चुकला तर मागे पडायचे. अशा पात्राचे पोशाख मुलांना पाठ असतात, पण त्याचा स्वभाव विचारला तर सांगता येत नाही. तेव्हा पालकहो, “किती वेळ खेळतोस?” हे जरूर विचारावे, त्याबरोबर “कोणाला खेळवतोस आणि तो तुला का आवडतो?” हेही विचारावे. उत्तर आले तर मुलाशी बोलायला एक विषय मिळाला. उत्तर आले नाही तर काळजीचे कारणही तिथेच सापडेल.

विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी आमच्याशी बोलताना वेगळा मुद्दा मांडला. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी टिकवायची तर अशा स्पर्धांतून मराठी पुस्तकांतलीच पात्रे पुढे आली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या तळमळीचा आम्हांला आदर आहे. परंतु मराठी टिकते ती मूल मराठीत विचार करते तेव्हा. मारियोच्या चित्राखाली त्या मुलाने पाच ओळी लिहिल्या होत्या. शुद्धलेखनाच्या दोन चुका सोडल्या तर त्या कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेल्या नव्हत्या, मनापासून लिहिल्या होत्या. आवडत्या गोष्टीबद्दल मराठीत बोलायला मुलांना जागा दिली नाही, तर ती हिंदीत किंवा इंग्रजीत बोलतील, आणि मग मराठी फक्त परीक्षेपुरती उरेल.

स्पर्धेचा निकाल आता बदलता येणार नाही. ज्यांना बक्षिसे मिळाली ती त्यांची योग्यच आहेत. पण ते चित्र सभागृहात इतर चित्रांच्या शेजारी लावले आहे, आणि चूक आमची होती हे त्या विद्यार्थ्याला आम्ही सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम देतो. चौकटींच्या वहीत आडवी सोळा आणि उभी सोळा घरे आखा. फक्त तीन रंग वापरून स्वतःचे एक पात्र तयार करा. त्याला एकच गोष्ट उत्तम करता आली पाहिजे. ती कोणती ते ठरवा. मग तो कसा वागतो, कशाला घाबरतो, हे अर्धे पान मराठीत लिहा. निवडक पात्रे पुढील अंकात छापू. परीक्षकांमध्ये या वेळी सहावीतला एक विद्यार्थीही असेल.