त्यांची ती बिअर, आमची ती हातभट्टी



शहरात आता घरी बिअर करायचं किट मिळतं. खोक्यात गव्हाच्या आणि जवाच्या माल्टचा काकवीसारखा घट्ट अर्क, हॉप्स नावाची कडू फुलं आणि यीस्टची पुडी. अर्क गरम पाण्यात कालवायचा, निवला की यीस्ट टाकून झाकणाच्या बादलीत आठ-दहा दिवस ठेवायचा. मग जराशी साखर घालून बाटल्या भरायच्या आणि दोन आठवडे थांबायचं. यीस्ट साखर खातं, दारू आणि वायू सोडतं. एका किटात वीसेक लिटर गव्हाची बिअर होते. याला म्हणतात छंद.

आपल्या म्हाताऱ्यांना यात नवीन काय? वाळलेल्या मोहाच्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. मडक्यात भिजवलं की तेच काम चालू होतं. फरक एवढाच, की आपण ते पुढे भट्टीवर चढवून वाफ धरतो, म्हणून आपली जास्त कडक. पण याला कोणी छंद म्हणत नाही. याला म्हणतात गुन्हा.

कायदा काय म्हणतो ते नीट बघा. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या ६५ कलमात विनापरवाना दारू गाळणं गुन्हा आहे, आणि त्यासाठी भांडी-सामान बाळगणंही गुन्हा आहे. कल्याणच्या टॉवरातल्या बादलीला त्यात सूट नाही. कागदावर बादली आणि मडकं सारखंच. पण बादली शोधायला लिफ्टने वर कोण जातं? गाडी वळते ती मुरबाड-शहापूरच्या पाड्यांकडे. मडकी फुटतात ती आपली, आणि तारखेला मजुरी बुडवून जातो तोही आपलाच माणूस.

हे आजचं नाही. १८७८ साली इंग्रज सरकारने आबकारी कायदा आणला. घरोघरची गाळणी बंद केली आणि सरकारी देखरेखीच्या मोठ्या भट्ट्यांची दारू मक्तेदाराच्या दुकानातून घ्यायला लावली. कारण काय, आपली तब्येत? छे! कारण महसूल. तरी लोक मोह गाळत राहिले, तेव्हा १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच बंधनाचा कायदा केला. झाड आपल्या दारात, फूल आपल्या अंगणात पडतं, आणि ते वेचून साठवलं तर चोर! मग दारू दुकानातून उधारीवर यायला लागली. उधारी फिटली नाही की वेठ, आणि वेठीनंतर जमीन. जमीन कशी गेली हे ज्याला समजून घ्यायचंय, त्याने दुकानदाराची वही आठवावी.

आणि गंमत बघा. त्याच इंग्रजांनी आपल्या देशात १९६३ साली घरच्या बिअरला परवान्यातून मोकळं केलं. अमेरिकेने १९७८ साली तसाच कायदा केला. लांब कशाला, मध्यप्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आदिवासीला घरापुरती मोहाची दारू काढायला मर्यादित सूट आहे. शेजारच्या गोव्यात काजूची फेणी २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवून मानाने मिरवते. महाराष्ट्रात मात्र सरकारने २००७ साली ज्वारी-बाजरीपासून दारू करणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं धोरण काढलं. खायच्या धान्याची दारू केली तर अनुदान, रानातल्या फुलाची केली तर केस. हा न्याय कुठला?

आता कोणी म्हणेल, संघटना दारूची बाजू घ्यायला लागली. नाही घेत. दारूने घरं मोडली, बायांनी मार खाल्ला, नवसागर घातलेल्या दारूने माणसं मेली, हे आम्ही लपवत नाही. पण दारू सोडायला आपल्याला पोलीस लागला नव्हता. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरून देवीची चळवळ उठली. डहाणू, सुरगाणा, डांग करत ती सुरत जिल्ह्यापर्यंत गेली. गावोगाव लोक जमले, देवीच्या नावाने दारू सोडली आणि दारूच्या मक्तेदारांच्या कामावर जायचंही बंद केलं. दारू सुटली तशी मान वर झाली. हे सरकारच्या जुलमाने झालं नाही, लोकांनी बसून ठरवलं म्हणून झालं.

तेव्हा प्रश्न दारू हवी की नको एवढाच नाही. ठरवायचं कोणी, हा प्रश्न आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित गावांच्या ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर बंदी घालायचा किंवा नियम करायचा अधिकार सांगितलाय. राज्याचे नियम २०१४ साली आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी आपली. २०२१ साली सरकारने मोहाची फुलं वेचण्या-साठवण्यावरची बंधनंही उठवली. म्हणजे नुसती फुलं घरात सापडली म्हणून कोणी धमकावत असेल, तर त्याला विचारा, कुठल्या कायद्याने?

म्हणून गावागावात एवढं करा. ग्रामसभा बोलवा. बायांना पुढे बसवा, कारण मार त्या खातात, आधी त्या बोलतील. दारू साफ बंद ठेवायची, की सण-लग्नापुरती, घरापुरती ठेवायची, ते ठरवा आणि ठराव लिहा. विक्रीचा धंदा, नवसागर, बाहेरून येणारे फुगे यांना बंदीच. फुलं मात्र एकत्र साठवा, व्यापाऱ्याला मातीमोल देऊ नका. धाड आली तर पंचनामा वाचून घ्या, समजल्याशिवाय अंगठा देऊ नका आणि ठरावाची नक्कल पुढे करा. ठरावाने ६५ कलम रद्द होत नाही, हे ध्यानात ठेवा. ते बदलायला मोर्चा लागेल. पण मोर्चात हातात काय धरायचं, ते ठरावातूनच येईल.

टॉवरवाल्याची बादली फोडा, असं आपण म्हणत नाही. त्याच्या बादलीला जी नजर, तीच आमच्या मडक्याला लावा. आणि मोह आमचा आहे, त्याचं काय करायचं ते आमचं गाव ठरवील.