रॅम्प मागायचा तर उतारासकट मागा
‘दिव्यांगांना न्याय द्या’ एवढंच लिहिलेलं निवेदन फायलीत जातं आणि तिथेच राहतं; त्याला नकार द्यायचीही कुणाला गरज पडत नाही. मागणी नेमकी हवी, आणि ज्याच्या हाती पैसा आहे त्याच्याकडे हवी. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. म्हणून आधी माहिती अधिकारात गेल्या वर्षीचा हिशेब मागवावा, तो पैसा कशावर गेला ते नीट पाहावं, आणि अंदाजपत्रक ठरण्याआधीच ग्रामसभेत ठराव मांडावा. शाळेला रॅम्प हवा असेल तर मापही लिहून द्यावं: एक फूट उंची चढायला किमान बारा फूट लांबी, दोन्ही बाजूंना धरायला कठडा. नाहीतर पायऱ्यांवर सिमेंट ओतून केलेली घसरगुंडी पदरात पडते. तिच्यावर व्हीलचेअर ढकलताना मागच्या माणसाचाही दम निघतो, कागदावर मात्र काम पूर्ण झालेलं असतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची मुदत 2022 मध्येच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सुगमतेचे किमान निकष बंधनकारकच हवेत, असं सरकारला बजावलं. हे दोन्ही आधार निवेदनाला जोडावेत. आणि ठराव मांडायला व्हीलचेअरवरची व्यक्ती स्वतः पुढे असावी, तिच्या वतीने बोलणारे आपण मागे. सभा वरच्या मजल्यावर भरत असेल, तर पहिली मागणी ती खाली आणण्याची.