घड झाकले, माणसे उघडी

मे महिन्यात मुक्ताईनगरात पारा 45 अंशांच्या घरात जातो. तेव्हा आम्ही केळीवाले बागेभोवती शेवरीचा, गजराज गवताचा आडोसा करतो. घडाचा दांडा करपू नये म्हणून त्यावर वाळलेली पाने बांधतो. पण तोच घड डोक्यावरून वाहणाऱ्या मजुराचे काय? रुमालाने त्याचे केस, मान थोडीफार झाकली जाते. डोळे उघडेच. वर्षानुवर्षांच्या अतिनील किरणांनी मोतीबिंदूचा धोका वाढतो, बुबुळावर मांस चढते. गॉगलला मात्र आपण चैन म्हणतो. माझ्या मते रुंद काठाची टोपी आणि हे किरण अडवणारा चष्मा ही कोयत्यासारखीच शेतीची अवजारे आहेत. त्यांचा खर्च आम्हा मालकांनीच करावा आणि भर दुपारचे काम टाळावे. घडाचा भाव आम्ही रोज विचारतो; नजरेचा कधी विचारणार?