पंधराशे रुपयांचा धडा

घरात वीज आहे, कॉम्प्युटर चालू आहे, महिन्याचे पैसे भरलेले आहेत, आणि तरीही नेट चालत नाही, असा प्रसंग आता बहुतेक घरांत येऊन गेलेला असतो. अशा वेळी घरातला कर्ता माणूस तारा ओढून पाहतो, मुलांवर डाफरतो आणि शेवटी कोणाला तरी फोन लावतो. आम्हीही तेच केले होते. त्यात आमचे पंधराशे रुपये गेले आणि एका मुलीची वर्षाची शिष्यवृत्ती जाता जाता राहिली. झाले ते जसेच्या तसे सांगतो. वाचकांपैकी एकाचे जरी पैसे वाचले तरी पुष्कळ झाले.

गोष्ट २०२२ सालची. नायगावला आमच्या घरी एक जुना, दुसऱ्याने वापरून सोडलेला कॉम्प्युटर आहे. गल्लीतल्या पोरापोरींचे अर्ज भरून देण्यासाठीच त्याचा उपयोग जास्त. संध्याकाळी कचेरीतून आलो की दोघे-तिघे कागद घेऊन ओट्यावर बसलेले असतात. त्या दिवशी शेजारची मुलगी आली होती. बी.एस्सी.चे पहिले वर्ष. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि कॉलेजने दिलेल्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, सगळे तिने एका पिशवीत नीट घालून आणले होते.

ही शिष्यवृत्ती म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. मॅट्रिकच्या पुढे शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेला हा हक्क एका तारेपायी अडावा, ही गोष्ट मनाला लागणारी होती.

कॉम्प्युटर लावला. पान उघडेना. पडद्यावर लाल खूण आणि खाली इंग्रजीत दोन-तीन ओळी. आम्ही म्हणालो, ‘‘गेले नेट!’’ राऊटर तीन वेळा बंद-चालू केला. फरक नाही. मग ओळखीच्या एका दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले. त्याने डबा उलटासुलटा केला आणि सांगितले, ‘‘राऊटर जुने झाले. दुसरे बसवावे लागेल.’’ आम्ही पंधराशे रुपये काढून दिले. नवे राऊटर बसले, हिरवे दिवे लागले, तो गडी पुढच्या कामाला निघून गेला. आम्ही पुन्हा बसलो, तर तेच पान, तीच लाल खूण.

रात्रीचे नऊ वाजले होते. आमचा तोल गेला. आम्ही त्या मुलीलाच बोललो, ‘‘शेवटच्या दिवसापर्यंत थांबलीस कशाला?’’ ती काही बोलली नाही. उत्पन्नाचा दाखला आदल्या दिवशी हाती पडला होता, हे आम्हाला नंतर कळले. ती नुसती पडद्याकडे पाहत होती. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, ‘‘मामा, ह्याच्यावर साल कामून २००९ दाखवायलंय?’’

पाहतो तर खरेच. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात १ जानेवारी २००९ अशी तारीख. आणि ज्या इंग्रजी ओळी आम्ही वाचल्याच नव्हत्या, त्यांत स्पष्ट लिहिले होते की तुमचे घड्याळ मागे आहे. तिने तारीख आणि वेळ बरोबर केली. पान तत्काळ उघडले. साडेदहाच्या सुमारास तिचा अर्ज दाखल झाला. राऊटर पहिल्यापासून ठीक होते. नेटही ठीक होते. बिघडले होते ते कॉम्प्युटरचे घड्याळ, आणि त्याहून जास्त आमचे डोके.

तारखेचा आणि नेटचा संबंध काय, असे कोणी विचारील. सरकारी असो की बँकेचे, सुरक्षित संकेतस्थळ उघडताना ते आपली ओळख पटवणारे एक प्रमाणपत्र पुढे करते. त्या प्रमाणपत्राला मुदत असते, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. कॉम्प्युटर आपल्या घड्याळात पाहून ती तपासतो. त्याचे घड्याळच २००९ साली अडकले असेल, तर २०२२ सालचे प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते आणि तो दार लावून घेतो. वीज बंद असतानाही हे घड्याळ चालू राहावे म्हणून कॉम्प्युटरच्या पोटात एक चपटा, नाण्यासारखा सेल असतो. तो काही वर्षांनी संपतो. दुसऱ्या दिवशी बटण दाबल्याबरोबर आमच्या कॉम्प्युटरवर पुन्हा २००९ साल आले, तेव्हा घड्याळाच्या दुकानातून तसाच सेल आणून बसवला. पन्नास रुपयेही लागले नाहीत.

त्या दिवसापासून आम्ही एक शिस्त ठरवून घेतली आहे. नेट बंद पडले की खिशात हात घालण्याआधी, ओळीने, हे प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : बंद एकाचे आहे की सगळ्यांचे? मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करून तो घरच्या वाय-फायला जोडावा. मोबाईलवर पान उघडले तर नेट ठीक आहे, दोष कॉम्प्युटरचा. मोबाईलवरही उघडले नाही तर दोष राऊटरचा किंवा लाईनचा. ही एक मिनिटाची परीक्षा आम्ही त्या रात्री घेतली असती, तर पंधराशे रुपये वाचले असते.

दुसरा प्रश्न : पडद्यावर काय लिहिले आहे? इंग्रजी दिसले की घाबरू नये. शब्द अडला तर मुलांना विचारावे. बरेचदा यंत्र आपला आजार स्वतःच सांगत असते.

तिसरा प्रश्न : तारीख आणि वेळ बरोबर आहे का? जुन्या कॉम्प्युटरला हा प्रश्न चुकवू नये.

चौथा प्रश्न : डब्यावरचे दिवे काय सांगतात? फायबरच्या बहुतेक डब्यांवर ‘पी-ओ-एन’ या इंग्रजी अक्षरांपाशी एक दिवा असतो. तो स्थिर हिरवा असेल तर लाईन घरापर्यंत पोचली आहे. ‘एल-ओ-एस’ या अक्षरांपाशी लाल दिवा लागला किंवा लुकलुकू लागला, तर बाहेरून येणारा प्रकाश पोचत नाही. तार कुठे तरी तुटली, दबली किंवा जास्त वाकली आहे. रस्त्याच्या कामात, खोदकामात असे पुष्कळदा होते. त्याला आपल्या घरात उपाय नाही, कंपनीलाच कळवावे. ती बारीक तार आपण सोडवू नये आणि तिच्या टोकात डोकावून तर मुळीच पाहू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

पाचवा प्रश्न : महिन्याचे पैसे खरोखर जमा झाले का? दिवे सगळे ठीक असूनही नेट नसेल, तर मुदत संपलेली असू शकते.

एवढे पाहून झाले की मगच डबा बंद करावा, अर्धा मिनिट थांबून पुन्हा चालू करावा आणि दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. आम्ही घाईत लगेच बटण दाबत होतो, त्याला उठायलाही वेळ देत नव्हतो.

तक्रार करायची वेळ आलीच, तर तक्रारीचा क्रमांक मागून वहीत लिहून ठेवावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ सालच्या नियमांप्रमाणे कंपनीने तो द्यायचा असतो. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. ‘‘बघतो, करतो’’ या तोंडी उत्तरावर विसंबू नये.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी नेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या मार्फत, तेही मोजक्या मोठ्या शहरांत. टेलिफोनच्या तारेवरून ते चाले. तेव्हा ती हौसेची वस्तू होती. आज अर्ज, निकाल, प्रवेश, शिष्यवृत्ती सगळे त्याच वाटेने येते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली एका विद्यार्थिनीच्या खटल्यात सांगितले की नेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे. हक्क मिळाला खरा, पण तो वापरणारी वस्तू घरात बंद पडली तर ती उघडून पाहण्याची हिंमतही आपल्याला हवी.

त्या दुरुस्तीवाल्याकडे आम्ही पैसे परत मागायला गेलो नाही. त्याने न तपासता सांगितले आणि आम्ही न तपासता ऐकले, चूक दोघांची. मात्र त्या मुलीला दुसऱ्या दिवशी बोलावून आम्ही म्हणालो, ‘‘बाई, काल आम्ही उगीच बोललो.’’ ती हसली. तेव्हापासून कॉम्प्युटर अडला की आम्ही आधी तिलाच हाक मारतो. ती येते, आमच्याकडून पाचही प्रश्न वदवून घेते, आणि मगच माऊसला हात लावते.