मनीऑर्डर आणि ओसाड डोंगर: एका जुन्या आरोपाचा समाचार

१/ ‘कोकणी माणूस मनीऑर्डरीवर जगला आणि जमीन ओसाड टाकून बसला.’ हे वाक्य इतके उगाळले गेले आहे की तोच इतिहास वाटू लागला आहे. वस्तुतः ती खोताच्या ओसरीवरून सांगितलेली गोष्ट आहे.

२/ घटनांचा क्रम पाहा. कावसजी दावर यांची मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे रत्नागिरीचा कुणबी गिरणगावात गेला, तो शेतीला कंटाळून नव्हे. खोती मुलखात पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात जाई, वर वेठबिगार वेगळी. उरलेल्या धान्यात वर्ष निघत नसे.

३/ मनीऑर्डरीतून खोताचा मक्ता, सावकाराचे व्याज, बैलाची किंमत भागे. गिरणीचा पगार हा शेती सोडण्याचा नव्हे, ती टिकवण्याचा मार्ग होता. मागे लावणी, बेणणी, कापणी बायकांच्या अंगावर पडे. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. आळशी म्हणायचे ते नेमके कोणाला?

४/ अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ पासून कुळांनी सुमारे सहा वर्षे संप केला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. जमीन नकोशी झालेली माणसे तिच्यासाठी सहा वर्षे उपाशी राहत नाहीत.

५/ एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. शहरातल्या पैशाने डोंगर बदलला. विकतचे धान्य परवडू लागताच वरकस जमिनीवरची नाचणी-वरी प्रथम मागे पडली, कारण कष्ट तिथेच सर्वाधिक आणि उत्पन्न सर्वांत कमी. राबासाठी होणारी फांद्यांची तोड घटली आणि उतारांवर पुन्हा रान माजले.

६/ ‘मग चांगलेच झाले’ म्हणणाऱ्यांनीही थांबावे. रत्नागिरीतले बहुतेक रान खासगी मालकीचे. मालक मुंबईत, झाडे गावात आणि दाराशी लाकडाचा ठेकेदार, अशा स्थितीत रान उभे राहणे हा केवळ योगायोग ठरतो. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने वरकसावर आंबा-काजूची कलमे आणली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि कातळालाही भाव आला. काजूची बाग दुरून हिरवी दिसते. पण एका जातीची झाडे म्हणजे जंगल नव्हे.

७/ तेव्हा डोंगराचे भवितव्य चाकरमान्याच्या आळसाने ठरवले नाही. ते खोतीने, बाजारभावाने आणि सरकारी योजनांनी ठरवले. मनीऑर्डर हे केवळ निमित्त.

८/ तुमच्या घरचा सातबारा काढून पाहा. पणजोबांचे नाव, खाली वारसांची रांग आणि त्यांतले निम्मे एकमेकांना न ओळखणारे. ज्या जमिनीसाठी चरीची कुळे लढली, ती आज एका सहीने दलालाकडे जाऊ शकते. पूर्वजांना दोष देणे सोपे आहे. पण या वेळी सही आपली असेल.