नवा कारभारी, जुनें घर

फुटबॉलविषयीं ह्या सदरांत लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो. घरोघरची तरुण मंडळी मोबाइलच्या पडद्याला डोळे लावून मध्यरात्रीपर्यंत विलायतेंतील सामने पाहतात, आणि सकाळीं चहाच्या वेळीं कोणत्या क्लबाचा कोणता व्यवस्थापक आतां काढला जाणार ह्याची चर्चा करतात, ही गोष्ट भोकरदन तालुक्यांतील आमच्या हसनाबादेसारख्या गांवींही आतां नवी राहिलेली नाहीं. वडील मंडळींस ती चर्चा पोरखेळ वाटते. आम्हांस मात्र तिच्यांत एकत्र कुटुंबांतील एका जुन्या व नाजूक प्रश्नाचें प्रतिबिंब दिसतें. भरभराटीस आलेल्या घराचा कारभार नव्या माणसाच्या हातीं जातो, पहिल्याच वर्षीं कांहीं गोष्टी बिनसतात, आणि घर कुजबुजूं लागतें कीं, ह्यास आणखी अवधि द्यावा, का किल्ल्या परत घ्याव्या?

उदाहरणासाठीं विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. तें आपल्या मुंबईंतच आहे. मुंबई सिटी हा क्लब २०१४ सालीं, इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हां, स्थापन झाला. पहिल्या सहा हंगामांत त्याच्या हातीं एकही चषक लागला नाहीं. २०२० सालीं स्पेन देशाचे सर्जिओ लोबेरा हे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, आणि २०२०-२१ च्या एकाच हंगामांत संघानें दोन्ही मान मिळविले: साखळींत सर्वांच्या वर राहणारास मिळणारी शील्ड, आणि अंतिम सामन्याचा चषक. एकाच हंगामांत हे दोन्ही मान मिळविणारा ह्या लीगमधील तो पहिलाच क्लब होय. १३ मार्च २०२१ रोजीं गोव्यांत फातोर्डा येथें झालेल्या अंतिम सामन्यांत कलकत्त्याचा एटीके मोहन बागान हा प्रतिस्पर्धी होता, आणि बिपिन सिंग ह्यानें अगदीं अखेरच्या मिनिटास केलेल्या गोलानें मुंबईनें तो २-१ असा जिंकला.

त्यानंतर सात महिन्यांच्या आंत लोबेरा चीनमधील एका क्लबाकडे गेले. ऑक्टोबर २०२१ मध्यें त्यांच्या जागीं डेस बकिंगहॅम ह्या इंग्रज प्रशिक्षकांची नेमणूक झाली. तोंवर ते ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न सिटी ह्या क्लबांत साहाय्यक प्रशिक्षक होते. हंगाम सुरू होण्यास अवघे सहा आठवडे उरले होते. साथीच्या निर्बंधांमुळें त्याही वर्षीं सर्व सामने गोव्यांत, प्रेक्षकांवांचून व्हावयाचे होते. म्हणजे ज्या अंधेरीच्या मैदानाचा कारभार हातीं घ्यावयाचा, तेथें एकही सामना होणार नव्हता.

वारशानें आलेल्या घरांतून काय काय निघून गेलें होतें हेंही पाहिलें पाहिजे. डाव रचणारा ह्यूगो बूमूस आणि गोलरक्षक अमरिंदर सिंग हे दोघेही मोहन बागानकडे गेले. ॲडम ली फोंड्रे ऑस्ट्रेलियास परतला. गोल करणारा बार्थोलोम्यू ओगबेचे हैदराबादेस गेला, आणि त्याच हंगामांत तेथें त्यानें १८ गोल करून लीगमध्यें पहिला क्रमांक मिळविला. कोठींतील धान्य हलविलें गेलें, पण पंगतीस बसणारांची अपेक्षा मात्र गतवर्षीच्याच पक्वान्नांची राहिली.

आरंभ उत्तम झाला. १ डिसेंबर २०२१ रोजीं मोहन बागानचा ५-१ असा पराभव करून संघ डिसेंबरच्या मध्यास साखळींत पहिल्या स्थानीं होता. पुढें मात्र दैव फिरलें. १९ डिसेंबरास केरळ ब्लास्टर्सनें ३-० असें हरविलें, आणि त्या सामन्यासह लागोपाठ सात सामन्यांत मुंबईस एकही विजय मिळाला नाहीं. हंगामाच्या अखेरीस ३१ गुणांसह संघ पांचव्या स्थानीं राहिला. पहिल्या चार संघांसच उपान्त्य फेरींत प्रवेश होता; सबब गतवर्षीचा विजेता दाराबाहेर राहिला. लोबेरांच्या वेळीं असें झालें नसतें, हें वाक्य त्या दिवसांत किती ओठांवर आलें असेल तें सांगावयास नको. आपल्याकडे हेंच वाक्य ‘अण्णांच्या वेळीं असें नव्हतें’ ह्या रूपानें बोललें जातें.

क्लबानें बकिंगहॅम ह्यांस काढलें नाहीं. एप्रिल २०२२ मध्यें सौदी अरबस्तानांत रियाध येथें आशियाई चँपियन्स लीगचे सामने झाले. ११ एप्रिल रोजीं इराकच्या वायुदलाच्या क्लबावर मुंबईनें २-१ असा विजय मिळविला. त्या स्पर्धेंत भारतीय क्लबानें जिंकलेला हा पहिला सामना. पुढच्या २०२२-२३ च्या हंगामांत तर लागोपाठ १८ सामन्यांत संघ अपराजित राहिला, २० सामन्यांत ५४ गोल केले, आणि ४६ गुणांचा नवा उच्चांक करून शील्ड परत आणली. ह्या यशाचें एक बीज अपयशाच्याच महिन्यांत पेरलें गेलें होतें. संघ हरत असतां जानेवारी २०२२ मध्यें चेन्नईहून लालियानझुआला छांगटे ह्यास आणण्यांत आलें. पुढच्याच हंगामांत तो लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या हंगामांतही चषक हातचा गेला, कारण उपान्त्य फेरींत बेंगळूरूनें पेनल्टींवर ९-८ असें हरविलें. परंतु आतां घर सावरलें आहे ह्याविषयीं कोणास शंका उरली नव्हती.

ह्यावरून, धीर धरिला कीं फळ मिळतेंच, असा सोपा सिद्धान्त कोणी काढील, तर आम्ही त्यास सावध करूं. नोव्हेंबर २०२३ मध्यें बकिंगहॅम इंग्लंडांतील ऑक्सफर्ड युनायटेड ह्या क्लबाकडे गेले, आणि त्यांच्या जागीं चेक देशाचे पेटर क्रात्की आले. त्यांनीं हंगामाच्या मध्येंच सूत्रें हातीं घेऊन ४ मे २०२४ रोजीं कलकत्त्यांत मोहन बागानलाच ३-१ असें हरवून चषक आणला. पहिल्याच वर्षीं यश! परंतु पुढच्या हंगामांत तोच संघ त्यांच्याच हाताखालीं सहाव्या स्थानीं घसरला, आणि २९ मार्च २०२५ रोजीं बाद फेरींत बेंगळूरूकडून ५-० असा हरला. एकाचें पहिलें वर्ष वाईट व दुसरें उत्तम. दुसऱ्याचें पहिलें उत्तम व दुसरें वाईट. पहिल्या वर्षाच्या जमाखर्चावरून कारभाऱ्याची पारख करूं नये, एवढेंच ह्या दोन उदाहरणांवरून निश्चित म्हणतां येतें. बकिंगहॅम ह्यांनीं ऑक्सफर्डास मे २०२४ मध्यें पंचवीस वर्षांनंतर दुसऱ्या श्रेणींत चढविलें, आणि त्याच क्लबानें त्यांस त्याच वर्षाच्या डिसेंबरांत काढून टाकलें. माणूस तोच, घरें दोन, आणि त्यांचा धीरही दोन मापांचा.

इंग्लंडांतील मँचेस्टर युनायटेडची गोष्ट तरुणांस पाठच असते. ॲलेक्स फर्ग्युसन ह्यांनीं तेथें नोव्हेंबर १९८६ पासून मे २०१३ पर्यंत कारभार केला व लीगचें विजेतेपद १३ वेळां मिळविलें. निरोपाच्या भाषणांत त्यांनीं प्रेक्षकांस, आतां नव्या व्यवस्थापकाच्या पाठीशीं उभे राहा, असें बजावलें. नवे व्यवस्थापक डेव्हिड मॉइझ ह्यांच्याशीं सहा वर्षांचा करार झाला, आणि दहा महिन्यांत, २२ एप्रिल २०१४ रोजीं, त्यांस काढलें. आदल्या वर्षीचा विजेता संघ त्या हंगामांत सातवा आला. विशेष हें कीं, खुद्द फर्ग्युसन ह्यांस पहिला चषक मिळण्यास साडेतीन वर्षें लागलीं होतीं. मधल्या काळांत, सप्टेंबर १९८९ मध्यें, शेजारच्या मँचेस्टर सिटीनें त्यांच्या संघास ५-१ असें लोळविलें होतें. ज्या घरास धीराचें फळ सर्वांत मोठें मिळालें होतें, त्याच घरास धीराचा विसर पडला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १९७४ सालीं लीड्स युनायटेड ह्या विजेत्या संघाचे नवे व्यवस्थापक म्हणून ब्रायन क्लफ आले. त्यांनीं आरंभींच जुन्या खेळाडूंचें पूर्वीचें यश हिणवलें, आणि ४४ दिवसांत त्यांस जावें लागलें. क्लफ हे कर्तृत्ववान् होते; पुढें नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या लहान क्लबास त्यांनीं १९७९ व १९८० अशीं दोन वर्षें युरोपचें विजेतेपद मिळवून दिलें. परंतु ज्यानें आल्या दिवशींच घरांतील माणसांचा अपमान केला, त्यास त्या घरांत अवधि दिला असता तरी तो कलहांतच गेला असता.

मग अवधि कोणास द्यावा, आणि कोणास नाहीं? आमच्या जालना जिल्ह्यांतील मोसंबीचा बागाईतदार ह्याचें उत्तर रोज देत असतो. नवें झाड चार-पांच वर्षें धड फळ देत नाहीं, म्हणून कोणी तें उपटून टाकीत नाहीं. पण खोडास डिंक्या लागून साल कुजूं लागली, तर फळाची वाट पाहत बसणेंही शहाणपणाचें नव्हे. फळ नसणें आणि खोड कुजणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, व दुसरी ओळखावयाची तर वर फांद्यांकडे न पाहतां बुंध्याशीं वांकून पाहावें लागतें.

घरांत हा बुंधा म्हणजे काय? पहिली गोष्ट, नव्या कारभाऱ्याच्या हातीं खरोखर काय आलें तें. वडिलांच्या शब्दावर मिळणारी उधारी, त्यांचा जुना विश्वासू गडी, बाजारांतील त्यांची पत, हीं किल्ल्यांबरोबर हस्तांतरित होत नाहींत. आणि कर्ज मात्र होतें. तेव्हां कारभार देतांना येणें-देणें लिहून काढावें व तें सर्वांनीं वाचावें. दुसरी गोष्ट, तोटा झाला असतां तो काय करतो. वही उघडी ठेवतो कीं दडवितो? घरांतील माणसांस विचारतो कीं त्यांस हिणवितो? तोट्याच्याच वर्षीं पुढच्या वर्षाचें बीं जमवितो कीं नाहीं? ह्या प्रश्नांचीं उत्तरें चांगलीं असतील, तर एक पीक बुडालें म्हणून भिऊं नये. वाईट असतील, तर एक पीक साधलें म्हणून निर्धास्त राहूं नये.

तिसरी गोष्ट वडील मंडळींची आहे, आणि ती सर्वांत अवघड आहे. किल्ल्या दिल्यावर ओसरीवर बसून दुसरें न्यायालय चालवूं नये. धाकट्या सुनेनें कोठीघराचा ताबा घेतला, आणि रोज संध्याकाळीं बाकीच्या सुना सासूबाईंकडे दाद मागूं लागल्या, तर त्या घरांत दोन कारभार होतात व जबाबदारी एकाचीही राहत नाहीं. सासूबाईंनीं, ‘अगं, तें तिलाच विचार,’ एवढें चार वेळां म्हटलें, कीं पांचव्या वेळीं कोणी येत नाहीं. वाटण्या पुष्कळदां तोट्यानें होत नाहींत. तोटा झाल्यावर कोणाकडे बोट दाखवावें हें ठरलेलें नसतें, म्हणून होतात.

ज्या वाचकांच्या घरीं अलीकडेच कारभार एका हातांतून दुसऱ्या हातांत गेला असेल, त्यांस आमची सूचना एकच. हिशेब मागण्याचा दिवस आजच, सर्वांच्या समक्ष, ठरवून टाकावा. दोन खरीप व दोन रब्बी हा काळ आम्हांस वाजवी वाटतो. तोंवर वही दर महिन्यास पाहावी, शंका असेल ती तोंडावर विचारावी, आणि मागें कोणी बोलूं नये. ठरल्या दिवशीं मात्र भीड न धरतां हिशेब घ्यावा. अवधि दिला म्हणजे परीक्षा माफ केली असें होत नाहीं. आणि परीक्षेचा दिवस ठाऊक असला, म्हणजे नव्या माणसालाही रात्रीं झोंप लागते.