‘नळी राहू द्या’ म्हणजे उपचार नव्हे

मणक्याला मार लागून पाय गेलेला रुग्ण माझ्याकडे राजारामपुरीत येतो, तेव्हा तक्रार बहुधा एकच असते : ‘डॉक्टर, ताप जात नाही.’ मांडीला लघवीची पिशवी बांधलेली असते. नळी कधी बदलली, असे विचारले की घरचे एकमेकांकडे बघतात. डिस्चार्जच्या वेळी ‘नळी राहू द्या’ एवढेच सांगितलेले असते. किती दिवस, पुढे काय, हे कोणी सांगितलेले नसते. हा निष्काळजीपणा रुग्णाचा नाही, आम्हा डॉक्टरांचा आहे.

आधी समजून घ्या. मूत्राशय भरल्याचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो आणि ‘आता सोड’ हा हुकूम त्याच वाटेने खाली येतो. वाट तुटली की अनेकांचे मूत्राशय आपल्या मनाने आवळते, पण खालची झडप त्याच वेळी उघडत नाही. आतला दाब वाढतो, लघवी उलटी वर चढू शकते आणि मूत्रपिंडे हळूहळू खराब होतात. इजा मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाला असेल तर मूत्राशय सैल पडते आणि तुंबून राहते. म्हणून कपडे ओले होतात की नाही, हा खरा प्रश्न नाही. खरा प्रश्न मूत्रपिंडे वाचवण्याचा आहे. एकेकाळी हे रुग्ण पाय गेल्यामुळे नव्हे, मूत्रपिंडे गेल्यामुळे मरत.

यावरचा उपाय नवा नाही. दर चार ते सहा तासांनी बारीक नळी घालायची, मूत्राशय रिकामे करायचे आणि नळी काढून टाकायची. अमेरिकेतील डॉ. लॅपिडीस यांनी १९७२ साली दाखवून दिले की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखे निर्जंतुकीकरण लागत नाही. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. एका वेळी साधारण ४०० ते ५०० मिलीच्या वर लघवी साठू द्यायची नाही. हात चालत असतील तर हे बहुतेकांना शिकता येते. सुरुवातीचे काही दिवस कायम नळी लागते, हे खरे. हात चालत नसतील तर घरच्यांना शिकवता येते किंवा ओटीपोटातून नळी घालता येते. पण हा निर्णय विचार करून घ्यायचा असतो, विसरून नाही.

दुसरी चूक अँटिबायोटिकची. नळी वापरणाऱ्याच्या लघवीत जंतू सापडणारच. ताप, थंडी, वाढलेला आखडलेपणा, नेहमीपेक्षा जास्त गळती असे काही नसेल, तर केवळ रिपोर्ट बघून गोळ्या खाऊ नका. नाहीतर खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडणार नाही. आणि गळतीच्या लाजेने पाणी तोडू नका.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. इजा छातीच्या मध्याच्या वर असेल आणि अचानक डोके फुटल्यासारखे दुखू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रुग्णाला बसते करा आणि आधी नळी तुंबली आहे का ते बघा. रक्तदाब जीवघेणा वाढलेला असू शकतो. लगेच दवाखाना गाठा.

हे कोल्हापुरात सांगावे लागते, याची मला लाज वाटते. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी याच शहरात १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. खुर्चीवरून शिकता येते, नोकरी करता येते, हे या गावाने डोळ्यांनी पाहिले आहे. पण खुर्ची आत जाईल असे स्वच्छ स्वच्छतागृह कामाच्या ठिकाणी नसेल, तर दर चार तासांनी नळी घालायची कुठे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता हा हक्क मानला आहे, उपकार नव्हे.

म्हणून डिस्चार्जचा कागद हातात घेण्याआधी चार गोष्टी मागा : नळी कधी निघणार याची तारीख, स्वतः नळी घालण्याचे शिक्षण, मूत्राशयाच्या दाबाची तपासणी कुठे व कधी, आणि दरवर्षी मूत्रपिंडांची सोनोग्राफी व रक्ततपासणी. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. डॉक्टर चिडले तर चिडू द्या. मूत्रपिंडे तुमची आहेत.